एक दार बंद

माझ्या नणंदेच्या स्वयंपाकाला नावं ठेवली तर ती हसते. तिच्या भावाला नावं ठेवली तरी हसते. तो माझा नवरा असल्यामुळे त्या कामात मीही तिला साथ देते. पण कालव्याच्या पाण्याला वास येतो, असं कोणी म्हटलेलं तिच्या कानावर पडलं की संपलं. ती सायकलवरून उतरते, स्टँड लावते आणि त्या माणसाची उलटतपासणी सुरू करते. कुठे येतो? भरतीला येतो की ओहोटीला? वारा कुठून होता? तुम्हाला सर्दी होती का? माणूस बिचारा सहज बोललेला असतो. चौथ्या प्रश्नापर्यंत तो कबूल करतो, की वास बहुतेक आपल्याच पिशवीतून येत असावा.

गावात तिला फाटकवाली ताई म्हणतात. मीही ताईच म्हणते, मनात काहीही म्हणत असले तरी. कालव्याची दोन दारं उघडणं, मिटणं आणि पाणी चांगलं ठेवणं ही तिची नोकरी. राहते आमच्याच घरात, वरच्या खोलीत, आणि तिथल्या खिडकीतून तिला पाणी दिसतं. ते दिसावं म्हणून तिनं ती खोली मागून घेतली, आणि माझं शिलाई मशीन खाली जिन्याखाली आलं. असो.

आमचा कालवा आपोआप झालेला नाही. जिथे पूर्वी चिखल आणि गवत होतं, तिथे माणसांनी खणून केलेला आहे. तो समुद्रातून आत येतो, घरांच्या मागच्या पायऱ्यांना लागून जातो, आत जाऊन वळतो आणि परत समुद्राला मिळतो. घोड्याच्या नालेचा आकार म्हणा. वळणापाशी तो चांगला रुंद होऊन तळ्यासारखा पसरतो. आमचं घर त्या वळणावर, आणि घराला लागून माझ्या नवऱ्याची होड्या दुरुस्त करायची शेड. दोन्ही टोकांना एकेक लोखंडी दार आहे, चाक फिरवून वर उचलायचं. एकाला वरचं दार म्हणतात, दुसऱ्याला खालचं. भरती आली की दार उचलायचं, म्हणजे समुद्राचं ताजं पाणी आत येतं. ओहोटीला जुनं पाणी बाहेर जातं. ते लाल खुणेपर्यंत उतरलं की दार पाडायचं, नाहीतर कालवा रिकामा होतो आणि होड्या चिखलात आडव्या पडतात. दिवसाची पाळी ताईची, रात्रीची रखवालदाराची. तो ताई सांगेल तसंच करतो, कारण शेवटी त्यालाही शांतपणे जगायचं आहे.

ताईच्या आधी हे काम एक काका करायचे. त्यांची ख्याती अशी, की कधीही बघा, एक दार बंद. भरतीला वरचं उघडं, खालचं बंद. ओहोटीला खालचं उघडं, वरचं बंद. दोन दारांमध्ये किनाऱ्याच्या रस्त्यानं दीड किलोमीटर अंतर आहे. काका एका दाराशी खुर्ची टाकून बसायचे, भरती संपली की हळूहळू चालत दुसऱ्या दाराशी जायचे. तिथेही त्यांची एक खुर्ची होती. लोक म्हणायचे, हा माणूस पगार पूर्ण घेतो आणि दारं अर्धी उघडतो.

ताईनं काम हातात घेतलं त्या दिवशी किल्ल्या देताना काका काहीतरी सांगायला लागले होते. ताई म्हणाली, "राहू द्या काका. तुमच्यासारखा आराम मला जमायचा नाही. मी दोन्ही दारं उघडणार." आजूबाजूला आठ-दहा माणसं उभी होती, ती हसली. काकांनी किल्ल्या तिच्या हातात ठेवल्या, आपली खुर्ची उचलली आणि घरी गेले. हा प्रसंग ताई पुढे कित्येक वर्षं रंगवून सांगायची. दर वेळी मीही हसायचे, तेव्हा आता साळसूदपणाचा आव आणण्यात अर्थ नाही.

तेव्हापासून अकरा वर्षं ताईनं दोन्ही दारं उघडली. भरती लागली की वरचं दार उचलायचं, सायकलवर टांग टाकायची, दीड किलोमीटर दामटायची आणि धापा टाकत खालचं उचलायचं. पाणी उतरलं की तीच धावपळ उलटी. ऊन असो, पाऊस असो, ताप असो. पालिकेनं तिचं कौतुक केलं, प्रशस्तिपत्र दिलं. त्यात लिहिलं होतं, की दोन्ही दारे नियमित उघडून त्यांनी कालव्यात दुप्पट ताजे पाणी आणले. ते पत्र चौकटीत बसवून तिनं वरच्या दाराजवळच्या केबिनमध्ये लावलं. पालिकेच्या माणसांनाही ते वाचून बरं वाटायचं.

वळणावरचं पाणी मात्र ऐकेना. आधी ते हिरवट झालं, मग तपकिरी. उन्हाळ्यात सकाळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला की मासे असं करतात, हे मला ताईमुळे माहीत. पाण्याची आणखी एक सोपी परीक्षा असते. दोरीला बांधलेली पांढरी थाळी पाण्यात सोडायची आणि ती कुठवर दिसते ते बघायचं. दारांजवळ ती माणसाच्या उंचीइतकी खाली गेली तरी दिसायची. वळणावर कोपरापर्यंत हात बुडवला तर आपलीच बोटं दिसत नसत.

ताईचा हिशेब सरळ होता. दारं दोन्ही उघडी आहेत, म्हणजे ताजं पाणी भरपूर येतंय. तरी घाण होते, म्हणजे ती वळणावरची माणसं करतात. झालं, ती घरोघरी फिरायला लागली. बागेत खत किती घालता? ते पावसानं कुठे जातं? भांड्यांचं पाणी कुठे सोडता? हे सगळंच काही खोटं नव्हतं. दोन घरांच्या मोरीचा पाइप थेट कालव्यात निघाला, तो तिनं बंद करवला. पण ती तिथे थांबेल तर ताई कसली? न्हाव्याला केसांवरून बोलली, समोरच्या डॉक्टरीणबाईंना कुत्र्यावरून बोलली, आणि मला माझ्याच घराच्या मागच्या पायरीवर फडकं धुवायची बंदी झाली. अर्धं वळण तिच्याशी बोलेनासं झालं आणि उरलेलं अर्धं तिला बघून आत जायला लागलं.

मग पालिकेचं पत्र आलं. सतत तक्रारी आणि दुर्गंधी यामुळे वळणाचा भाग भराव टाकून बुजवण्याचा विचार आहे. तिथे गाड्या उभ्या करायची जागा होईल. निर्णय पुढच्या सभेत.

माझ्या नवऱ्यानं ते पत्र शेडमध्ये उभ्यानं वाचलं, घडी घातली, वार्निशच्या डब्याखाली ठेवलं आणि परत कामाला लागला. संध्याकाळी मी बघायला गेले तर दुपारचीच फळी घासत होता. घासून घासून ती पार पातळ झाली होती. पाणी गेलं तर शेडमध्ये होडी येणार कुठून? उभ्या गाड्यांमधून ढकलत आणणार? त्याला होड्यांशिवाय दुसरं काही येत नाही. एरवी हे वाक्य मी चिडून म्हणते. त्या दिवशी मला भीती वाटली.

त्याच आठवड्यात मी एक पाप केलं. टोपलीतली पाच संत्री सुकून गेली होती. कचऱ्याचा डबा पुढच्या दारी, पाणी मागच्या दारी, आणि माझी कंबर दुखत होती. ताई दारावर गेल्याची खात्री करून मी ती पाचही संत्री कालव्यात टाकली. टाकली आणि विसरले.

तो सोमवार होता. गुरुवारी मागच्या पायरीवरून हाक आली, आणि ती ऐकूनच मला कळलं की आता आपलं काही खरं नाही.

"ही संत्री कोणाची गं?"

"असतील कोणाची तरी."

"कोपऱ्यावरच्या दुकानाचं लेबल आहे यावर."

"कोपऱ्यावर सगळेच घेतात, ताई."

"पाचही आपल्याच पायरीसमोर कशी?"

मी हात टेकले. "मीच टाकली. सोमवारी. सुकलेली होती हो, पाचच होती."

आता किमान अर्धा तास ऐकून घ्यायचं, या तयारीनं मी ओट्याला टेकून उभी राहिले. पण ताई काहीच बोलली नाही. बाहेर जाऊन बघते तर ती पायरीवर बसली होती, पाण्याकडे बघत.

"सोमवारी," ती म्हणाली. "आज गुरुवार. या तीन दिवसांत सहा भरत्या आल्या, सहा ओहोट्या गेल्या. दोन्ही दारं उघडी होती. मग ही अजून इथे काय करतायत?"

"त्यांना आवडलं असेल इथे," मी म्हटलं. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईनं दोन डझन संत्री आणली आणि शाईच्या जाड पेनानं प्रत्येकावर आकडा घातला. आठ वरच्या दारातून आत सोडली, आठ खालच्या दारातून, आठ वळणावर. संत्रंच का, तर ते जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतं, त्यामुळे वारा त्याला फारसा ढकलत नाही, पाणी नेईल तिकडेच जातं. रंग लांबून दिसतो. आणि हरवलंच तर कुजून जातं, मागे कचरा उरत नाही. हे तिनं मला समजावून सांगितलं आणि वही माझ्या हातात दिली. पाप माझं असल्यामुळे पहारा माझ्याकडे आला. नवऱ्याला छोटी होडी घेऊन मागे लावलं. तीन दिवस आम्ही दोघं संत्र्यांमागे फिरलो. लग्नानंतर इतका वेळ आम्ही एका कामात एकत्र काढला नव्हता.

वहीत जे उतरलं ते असं. वरच्या दाराची संत्री भरतीबरोबर आत आली, वळणाच्या अलीकडे थबकली आणि ओहोटीला आल्या वाटेनं वरच्याच दारातून बाहेर गेली. खालच्या दाराच्या संत्र्यांनी खालच्या बाजूनं तेच केलं. आणि वळणावरची आठ भरतीला दोन घरं इकडे, ओहोटीला दोन घरं तिकडे. एकोणीस नंबरचं तर दर भरतीला डॉक्टरीणबाईंच्या पायरीला टेकून परत यायचं.

ताईनं वही जेवणाच्या टेबलावर उघडी ठेवली. "एका बोळात दोन्ही बाजूंनी माणसं एकदम शिरली तर मधे काय होतं?" तिनं विचारलं.

"भांडण," मी म्हटलं.

"कोंडी होते. मधला माणूस हलू शकत नाही. मग दोन्हीकडची माणसं आल्या वाटेनं परत जातात आणि मधला तिथेच राहतो. मी अकरा वर्षं दोन्ही बाजूंनी ताजं पाणी आत घेतेय आणि मधलं पाणी तिथल्या तिथे दाबून धरतेय."

"अगदी तेच पाणी नसेल गं ताई," नवरा म्हणाला. तो स्वभावानं मवाळ आहे. "थोडंफार मिसळत असेल."

"थोडंफार," ती म्हणाली. "आणि ऑक्सिजन मोजायचं मीटर मी कुठे बुडवते? दाराशी. कारण उभं राहायला धक्का तिथे आहे. चांगलं पाणी मोजायचं आणि चांगलं आहे म्हणून लिहायचं. माझ्या वह्या भरल्यात चांगल्या आकड्यांनी."

तिनं वही मिटली. मग ती म्हणाली, "काका एक दार बंद ठेवायचे."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते आयुष्यात दुसऱ्यांदा पाहिलं. पहिल्यांदा तिची सायकल चोरीला गेली होती.

काकांकडे आम्ही माझ्या स्कूटरवरून गेलो. ताई मागे बसून मला वळण कुठे घ्यायचं ते सांगत होती, आणि तीन ठिकाणी चुकीचं सांगितलं, पण त्या दिवशी मी गप्प राहिले. काका आता मुलीकडे राहतात, तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. मी ती खुर्ची ओळखली. दारावरचीच होती, फक्त नवा रंग दिला होता.

"ये," काका म्हणाले. जणू ताई कालच येऊन गेली होती. "दारं बरी आहेत ना?"

"काका, तुम्ही एक दार बंद का ठेवायचात?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कालवा बांधला त्या इंजिनिअरबाईंनी सांगितलं होतं मला. पाणी नुसतं आत-बाहेर करून उपयोग नाही, ते फिरलं पाहिजे. एका दारानं घ्यायचं, दुसऱ्यानं सोडायचं. म्हणजे भरतीचं पाणी वळणातून पार होऊन पलीकडे निघतं. त्या होत्या तोवर अधूनमधून येऊन बघून जायच्या. मग त्या बदलून गेल्या आणि कोणी विचारायलाच आलं नाही."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगत होतो की. तू म्हणालीस, राहू द्या."

आत काकांच्या मुलीनं चहा गाळायला घेतला होता. मी गॅलरीचे गज मोजले. नऊ होते.

"नंतर तरी सांगायचंत," ताई हळूच म्हणाली.

"आधी राग आला होता. चारचौघांत बोलली होतीस तू मला. मग राग गेला, पण तोवर वर्ष उलटलं होतं, आता कुठल्या तोंडानं जायचं असं वाटायला लागलं. वळणाचं पाणी बिघडलंय हे कानावर यायचं. मी त्या बाजूला फिरकणंच बंद केलं." काका थोडं थांबले. "आणि खरं सांगू का? ती पद्धत माझ्या गुडघ्यांना सोयीचीही होती. त्यामुळे लोक कामचोर म्हणायचे तेव्हा मला छाती ठोकून नाही म्हणता यायचं नाही."

मला हसू आलं. ताईला नाही. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "काका, मी चुकले. तुमच्याशी पण चुकले आणि पाण्याशी पण."

"बस," काका म्हणाले. "चहा घे. माझंही चुकलंच."

परत येताना मी तिला एक सल्ला दिला. तो देताना मला तो फार शहाणपणाचा वाटला होता. मी म्हटलं, "उद्यापासून गुपचूप एक दार बंद ठेवा. कोणाला कळतंय? पाणी सुधारेल आणि श्रेय पण तुमचंच."

"आणि सुधारायच्या आत भराव पडला तर?" ताई मागून म्हणाली. "त्यांना थांबवायचं तर कारण सांगावं लागेल. कारण मीच आहे ना."

"नोकरी गेली तर?"

"मग दिवसभर घरी बसून तुझ्या स्वयंपाकावर लक्ष ठेवीन."

मी स्कूटरचा वेग कमी केला. मला एकदम रडायला येत होतं आणि समोर नीट दिसत नव्हतं.

सभेला सगळं वळण आलं होतं. ज्यांच्याशी ताई भांडली होती ते पुढच्या रांगेत, ज्यांच्याशी भांडायची राहिली होती ते मागे. ताई उभी राहिली. एका हातात वही, दुसऱ्या हातात केबिनमधलं ते प्रशस्तिपत्र, चौकटीसकट. मग म्हणाली, "वळणाचं पाणी वळणावरच्या माणसांनी बिघडवलेलं नाही. मी बिघडवलंय. अकरा वर्षं दोन्ही दारं एकदम उघडून."

मग तिनं संत्र्यांची गोष्ट सांगितली, नंबर वाचून दाखवले, काकांचं नाव घेऊन त्यांची पद्धत सांगितली. शेवटी न्हावी उठला. "मग माझ्या केसांबद्दल जे बोललात त्याचं काय?"

"ते मात्र टाकू नका," ताई म्हणाली. "ते वेगळं आहे."

सगळे हसले, न्हावीही हसला, आणि खोलीतली हवा जरा सैल झाली. अध्यक्षबाईंनी ते प्रशस्तिपत्र मागून घेतलं. वाचलं. खाली त्यांची स्वतःची सही होती. ती त्यांनी बराच वेळ बघितली आणि चौकट टेबलावर पालथी ठेवली.

"चाळीस दिवस देते," त्या म्हणाल्या. "वळणावरचा ऑक्सिजनचा आकडा आज दोनच्या आत आहे. तो चारच्या वर गेला तर भराव नाही. नाही गेला तर ट्रक लागतील. तुमच्या नोकरीचं त्यानंतर बघू."

"मोजायला मी नको," ताई म्हणाली. "तुमचा माणूस पाठवा. आणि वळणावर मोजा, दाराशी नको."

दुसऱ्या दिवसापासून भरतीला वरचं दार, ओहोटीला खालचं. आम्हाला वाटलं, आता रोज पाणी निवळत जाईल. झालं उलटंच. चौथ्या दिवशी वळणातलं ते सगळं साठलेलं, सडलेलं पाणी हललं आणि खालच्या दाराकडे निघालं. वाटेत जी घरं होती त्यांनी असा वास जन्मात घेतला नव्हता. लोकांनी फोन केले, केबिनवर आले, ताईला नको नको ते बोलले. आणि जिनं वासाबद्दल बोलणाऱ्याची इतकी वर्षं उलटतपासणी घेतली, ती त्या प्रत्येकाला म्हणत होती, "हो, येतो वास. तुमचं बरोबर आहे. हे वळणातलं पाणी बाहेर चाललंय, आठ-दहा दिवस खिडक्या लावून घ्या."

तिला खरं जड गेलं ते वेगळंच होतं. एक दार बंद ठेवायचं म्हणजे ताईला बसून राहावं लागत होतं. दामटायला सायकल नाही, धापा टाकायला कारण नाही. बाराव्या दिवशी मी डबा घेऊन गेले. भरती जोरात होती. ताई वरच्या दाराशी नव्हती. खालच्या दाराशी बंद दारासमोर उभी होती, दोन्ही हात चाकावर.

"आकडा अजून अडीचच आहे," ती म्हणाली. "थोडंसं उघडू का गं? फक्त आजच्या दिवस?"

आयुष्यात मी तिला कधी हुकूम केला नव्हता. "हात काढा," मी म्हटलं. "डबा गार होतोय. बसा."

तिनं हात काढले. आम्ही दोघी त्या बंद दाराशी जमिनीवर बसून जेवलो. पाणी बाहेरून दारावर आपटत होतं आणि दर आपटीला ती चाकाकडे बघत होती.

सतराव्या दिवशी तिनं पुन्हा संत्री सोडली, या वेळी फक्त वरच्या दारातून. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या पायरीवर फडकं वाळत घालत होते (वाळत घालायला बंदी नव्हती), तर तीन नंबरचं संत्रं समोरून गेलं. थांबलं नाही, परत फिरलं नाही, सरळ खालच्या बाजूला निघून गेलं. त्याच्या मागून सात नंबरचं. मी नवऱ्याला हाक मारली. तो हातात ब्रश घेऊनच धावत आला. आम्ही दोघं काठावर उभे राहून दोन संत्र्यांना जाताना बघत होतो, आणि त्याच्या ब्रशचा रंग माझ्या चपलेवर गळत होता तरी मी काही बोलले नाही.

आकडा हळूहळू चढला. अडीच, तीन, एकदा पाऊस पडून पुन्हा पावणेतीन, मग साडेतीन. चाळिसाव्या दिवशी पालिकेचा माणूस सकाळी आला, होडीत बसून वळणाच्या मध्यावर गेला आणि मीटर पाण्यात सोडलं. वळणावरची सगळी माणसं पायऱ्यांवर येऊन उभी होती, डॉक्टरीणबाई कुत्र्यासकट. त्यानं होडीतून ओरडून सांगितलं, "चार पूर्णांक तीन."

पाणी आरशासारखं झालं वगैरे मी म्हणणार नाही. तळाशी अजून काळा गाळ आहे, तो काढायला वेळ लागणार. पण थाळी आता कमरेइतक्या पाण्यातही दिसते, आणि मासे तोंड खाली ठेवून आपापल्या कामाला लागले आहेत. भराव रद्द झाला. ताईची नोकरी राहिली. नवऱ्यानं ती घासून पातळ झालेली फळी फेकून दिली आणि नव्या होडीचं काम घेतलं. काम करताना तो गातो. भयंकर गातो. मी खिडकी उघडी ठेवते.

प्रशस्तिपत्राची चौकट ताईनं पालिकेतून परत आणली, आतला कागद काढला आणि स्वतःच्या हातानं लिहिलेला एक कागद बसवला. कोणतं दार कधी उघडायचं ते वर दोन ओळींत आहे. खाली पानभर लिहिलंय, ते का उघडायचं. आणि शेवटी: पुढच्या माणसाने विचारले नाही तरी त्याला हे सांगावे. ऐकत नसेल तरी सांगावे. काका कधीमधी आपली खुर्ची घेऊन येतात, मुलगी त्यांना सोडून जाते. ताईनंही एक खुर्ची घेतली आहे. दोघं दाराशी बसतात आणि फारसं बोलत नाहीत.

गेल्या आठवड्यात मी तिथे होते. ओहोटी होती, वरचं दार बंद, आणि हे दोघं खुर्च्यांवर. गावात नवीन राहायला आलेले एक गृहस्थ सकाळचं फिरून येत होते. ते थांबले, बंद दाराकडे बघितलं, खुर्च्यांकडे बघितलं आणि ताईला म्हणाले, "काय बाई, दार बंद करून आरामात बसलात? आधीच्या बाई फार चांगल्या होत्या म्हणे. दोन्ही दारं उघडायच्या."

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी पदर खोचून तयारच झाले, आता उलटतपासणी होणार म्हणून. ताई उठली. पण तिनं फक्त आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"बसा," ती म्हणाली. "ते दार का बंद आहे ते सांगते तुम्हाला."